हेब्रॉन, १९९७ : एका अंतरिम कराराची अंमलबजावणी

१७ जानेवारी १९९७ रोजी इस्रायली लष्कराने हेब्रॉन शहराच्या सुमारे ८० टक्के भागातून माघार घेतली आणि त्या भागाचा ताबा पॅलेस्टिनी पोलिसांकडे गेला. या कामासाठी करारात दहा दिवसांची मुदत होती. ते पहिल्याच दिवशी झाले. त्याच वाटाघाटींतून निघालेल्या दुसऱ्या कागदात आणखी एक वचन होते. जुन्या शहराच्या मध्यातून जाणाऱ्या शुहादा रस्त्यावरची वाहतूक चार महिन्यांत टप्प्याटप्प्याने फेब्रुवारी १९९४ पूर्वीच्या स्थितीला आणायची होती. ते वचन आजही पुरे झालेले नाही. एकाच टेबलावर, त्याच माणसांनी, त्याच मध्यस्थासमोर मान्य केलेल्या या दोन गोष्टींपैकी एक काही तासांत घडली आणि दुसरी घडलीच नाही, असे का झाले, याचा शोध घेण्यासाठी हे प्रकरण मांडले आहे.

सार्वजनिक जीवनातील व्यक्तींची नावे येथे दिली आहेत. हेब्रॉनमधील सामान्य रहिवाशांचा, मग ते पॅलेस्टिनी असोत वा ज्यू, उल्लेख नावाशिवाय केला आहे.

पार्श्वभूमी

सप्टेंबर १९९३ मध्ये वॉशिंग्टनमध्ये इस्रायल आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटना यांच्यात तत्त्वांचा जाहीरनामा (ओस्लो करार) झाला, तेव्हा दोन्ही बाजूंनी एक रचना स्वीकारली. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे सर्वांत कठीण प्रश्न शेवटच्या टप्प्यावर ढकलायचे, आणि तोवर पाच वर्षांच्या अंतरिम काळात अधिकार थोडे थोडे हस्तांतरित करत परस्परविश्वास वाढवायचा. मे १९९४ मध्ये गाझा आणि जेरिको यांच्यासाठी करार झाला. २८ सप्टेंबर १९९५ रोजी अंतरिम करार झाला आणि त्याने वेस्ट बँकेचे तीन प्रकारचे भाग पाडले. ‘ए’ भागात नागरी आणि सुरक्षाविषयक असे दोन्ही अधिकार पॅलेस्टिनींकडे, ‘बी’ भागात नागरी अधिकार पॅलेस्टिनींकडे आणि सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलकडे, आणि ‘सी’ भागात जवळपास सर्व नियंत्रण इस्रायलकडे, अशी ती विभागणी होती. जेनिन, तुलकर्म, नाब्लुस, कलकिल्या, बेथलेहेम आणि रामल्ला ही सहा शहरे १९९५ संपण्यापूर्वी पॅलेस्टिनी प्रशासनाकडे गेली.

सातवे शहर हेब्रॉन, अरबीत अल-खलील. ते या चौकटीत बसत नव्हते, कारण बाकीच्या सहा शहरांत नसलेली एक गोष्ट तेथे होती : भर वस्तीत ज्यू वसाहती. अब्राहम आणि त्याच्या वंशजांच्या समाधीचे स्थान या शहरात आहे. मुसलमानांसाठी ती इब्राहिमी मशीद, ज्यूंसाठी मखपेला गुंफा. शतकानुशतके येथे एक लहानसा ज्यू समाज राहत होता. १९२९ च्या हिंसाचारात त्यातील ६७ जण मारले गेले. अनेकांना अरब शेजाऱ्यांनी लपवून वाचवले, पण तो समाज शहरातून उठला. १९६७ च्या युद्धात वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात आल्यावर पुढच्याच वर्षी ज्यू वसाहतकारांचा एक गट शहरात आला आणि त्यातून शहराच्या पूर्वेला किर्यात अर्बा ही वसाहत उभी राहिली. पुढे १९७९ पासून शहराच्या आतही बेत हदास्सा, बेत रोमानो, अव्राहम अविनू आणि तेल रुमेदा अशी ठाणी वसली. करार झाला त्या काळात शहरातील वसाहतकारांची संख्या चार-पाचशे होती आणि त्यांच्याभोवती लाखाहून अधिक पॅलेस्टिनी राहत होते.

२५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानच्या महिन्यात, किर्यात अर्बातील एका वसाहतकाराने मशिदीत पहाटेच्या नमाजाच्या वेळी गोळीबार करून २९ जणांना ठार मारले. या हत्याकांडानंतर संचारबंदी पॅलेस्टिनींवर लागली, शुहादा रस्ता त्यांच्या वाहनांसाठी बंद झाला आणि मशिदीची आतून वाटणी झाली. पंतप्रधान यित्झाक राबिन यांनी त्या दिवसांत तेल रुमेदामधील वसाहतकारांना हलवण्याचा विचार केला होता, पण अखेर तसा आदेश दिला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९०४ क्रमांकाचा ठराव करून तात्पुरत्या आंतरराष्ट्रीय उपस्थितीची मागणी केली. निरीक्षकांचे पहिले पथक मे १९९४ मध्ये आले आणि तीन महिन्यांत परत गेले.

राबिन यांनी त्या आठवड्यात न घेतलेला निर्णय या प्रकरणाच्या मुळाशी आहे. वसाहती शहरात राहणारच, हे गृहीत धरल्यावर पुढच्या प्रत्येक कलमाला त्या गृहीताभोवती वळसा घालावा लागला.

अडचण

अंतरिम करारानुसार हेब्रॉनमधील फेरतैनाती, म्हणजे इस्रायली सैन्याची माघार, सहा महिन्यांत, म्हणजे २८ मार्च १९९६ पर्यंत, व्हायला हवी होती. तोवर दोन्ही बाजूंचे राजकारण बदलून गेले. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी तेल अवीवमध्ये एका ज्यू माथेफिरूने राबिन यांची हत्या केली. जानेवारी १९९६ मध्ये हमासचा बॉम्बतज्ज्ञ याह्या अय्याश मारला गेला. फेब्रुवारीच्या अखेरीस आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात जेरुसलेम, अश्कलोन आणि तेल अवीव येथील आत्मघातकी स्फोटांत साठच्या आसपास माणसे गेली. राबिन यांच्या जागी आलेले शिमॉन पेरेस यांनी हेब्रॉनची माघार पुढे ढकलली. निवडणूक तोंडावर आली होती. २९ मे १९९६ रोजी बेंजामिन नेतान्याहू एक टक्क्याहून कमी फरकाने जिंकले. ओस्लो प्रक्रियेचा कडाडून विरोध करत आलेला नेता आता त्याच प्रक्रियेतील सर्वांत नाजूक कलमाच्या अंमलबजावणीला जबाबदार झाला.

अडचण तीन पदरी होती.

पहिला पदर जमिनीच्या चढउताराचा. जुने शहर, मशीद आणि वसाहती खोलगट भागात आहेत. अबू स्नेना आणि हारत अश-शेख या पॅलेस्टिनी वस्त्या त्यांच्यावरच्या उंचवट्यांवर. तिथून झाडलेली गोळी थेट वसाहतींच्या अंगणात पडू शकते. त्यामुळे या टेकड्यांवर कोणाचे पोलीस असतील आणि त्यांच्या हातात पिस्तूल असेल की रायफल, हा प्रश्न इस्रायली लष्कराच्या दृष्टीने जीवनमरणाचा होता. पॅलेस्टिनींच्या दृष्टीनेही भीती खरी होती. वसाहतकार सशस्त्र होते, १९९४ चे हत्याकांड ताजे होते, आणि ज्यांच्या ताब्यात शहर येणार त्या पोलिसांना नि:शस्त्रासारखे ठेवले तर रहिवाशांचे रक्षण कोण करणार, असे ते विचारत होते.

दुसरा पदर कराराच्या मान्यतेचा. नेतान्याहू सरकारला १९९५ चा मजकूर बदलून हवा होता. झालेला करार पुन्हा उघडणार नाही, अशी पॅलेस्टिनी बाजूची भूमिका होती. एक कलम उघडले तर कोणतेच कलम बंद राहणार नाही, ही भीती अवाजवी नव्हती.

तिसरा पदर सर्वांत खोल होता, आणि त्याचा हेब्रॉनशी थेट संबंधही नव्हता. अंतरिम करारात वेस्ट बँकेच्या ग्रामीण भागातून आणखी तीन टप्प्यांत माघार ठरली होती. मार्च १९९६ मध्ये पॅलेस्टिनी विधानपरिषदेचे उद्घाटन झाले, आणि तिथून मोजले तर ही माघार सप्टेंबर १९९७ पर्यंत पुरी व्हायची होती. पॅलेस्टिनी नेते यासर अराफत यांना शंका होती की नेतान्याहू हेब्रॉन देतील आणि तिथेच थांबतील. मग हेब्रॉनच्या मोबदल्यात त्यांनी काय मागावे? हेब्रॉनमध्येच अधिक काही, की हेब्रॉनबाहेरच्या माघारीच्या तारखा?

समोर असलेले पर्याय

इस्रायलपुढचा सरळ मार्ग होता १९९५ चा मजकूर जसाच्या तसा अमलात आणण्याचा. कायद्याच्या दृष्टीने तो सर्वांत स्वच्छ, पण नेतान्याहू यांच्या आघाडीतील पक्षांना तो मान्य होणे कठीण होते. त्यांनी तो न तपासताच बाजूला सारला असे मात्र म्हणता येत नाही, कारण अमेरिकेचा दबाव सतत त्याच दिशेने होता. दुसरा मार्ग माघार अनिश्चित काळ लांबवण्याचा. सरकारने पहिले काही महिने प्रत्यक्षात तेच केले. सप्टेंबर १९९६ मध्ये जेरुसलेममधील पश्चिम भिंतीलगतच्या बोगद्याचे दुसरे तोंड उघडले गेले, तेव्हा उसळलेल्या संघर्षात पॅलेस्टिनी पोलीस आणि इस्रायली सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडू लागले आणि काही दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून सत्तरहून अधिक लोक मेले. लांबणीवर टाकण्यालाही किंमत असते, हे त्या आठवड्याने दाखवून दिले. तिसरा मार्ग होता ‘बदल’ हा शब्द टाळून सुरक्षाविषयक तपशील नव्याने लिहिण्याचा, म्हणजे मूळ करार कायम ठेवून त्याखाली एक वेगळा प्रोटोकॉल करण्याचा. निवडला गेला तो हाच.

चौथा मार्ग, शहरातील वसाहती किंवा निदान त्यांतील काही हलवण्याचा, टेबलावर आलाच नाही. ज्या सरकारला माघार मंजूर करून घेतानाच नाकी नऊ येत होते, त्याच्याकडून ती अपेक्षा त्या क्षणी करता येत नव्हती, हे मान्य केले पाहिजे. तरीही पर्यायांची यादी पूर्ण करताना हा मार्ग गाळला तर नंतर जे घडले त्याचा अर्थ लागत नाही.

पॅलेस्टिनी बाजूला दोन वाटा होत्या. एक, मूळ मजकुरावर अडून राहायचे आणि वेळ आपल्या बाजूने वळेल अशी आशा धरायची. दुसरी, हेब्रॉनमधील सुरक्षेच्या अटी सोसायच्या आणि बदल्यात उरलेल्या माघारीच्या तारखा अमेरिकेच्या साक्षीने लिहून घ्यायच्या. अराफत दुसऱ्या वाटेने गेले. त्यांच्या दृष्टीने ते तर्कशुद्ध होते, कारण एका शहराच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा वेस्ट बँकेची ग्रामीण जमीन कितीतरी मोठी होती. पण या सौद्यात हेब्रॉनच्या जुन्या शहरातील माणसांचे दैनंदिन जीवन मोबदला म्हणून खर्ची पडले, आणि त्या माणसांना कोणी विचारले नव्हते.

अमेरिकेपुढेही निवड होती. दूत डेनिस रॉस दोन्ही बाजूंच्या वाटाघाटी जुळवून आणत होते. अमेरिका फक्त जुळवणारा मध्यस्थ राहणार, की करार पाळला जातो की नाही हे ठरवणारा पंच होणार? तिने पहिली भूमिका घेतली. दोन्ही बाजू एकमेकांवर करारभंगाचा आरोप करतील तेव्हा निवाडा कोण करणार, ही जागा त्यामुळे रिकामी राहिली.

प्रत्यक्ष कृती

ऑक्टोबर १९९६ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमधील शिखर बैठकीनंतर गाझाच्या सीमेवरील एरेझ येथे सलग वाटाघाटी सुरू झाल्या. इस्रायलकडून माजी लष्करप्रमुख डॅन शोमरॉन आणि पॅलेस्टिनींकडून सायेब एरेकात पथकांचे नेतृत्व करत होते. वाद बारीक तपशिलांवर चाले. पाठलाग करत पॅलेस्टिनी भागात शिरण्याचा हक्क इस्रायलला हवा होता. पॅलेस्टिनी बाजू तो लेखी द्यायला तयार नव्हती, आणि अंतिम मजकुरात तो स्पष्ट शब्दांत आला नाही. १ जानेवारी १९९७ रोजी सुट्टीवर असलेल्या एका इस्रायली सैनिकाने हेब्रॉनच्या बाजारात गोळीबार करून अनेक पॅलेस्टिनींना जखमी केले. वाटाघाटी मोडाव्यात हा त्याचा हेतू होता. त्या मोडल्या नाहीत, आणि याचे श्रेय दोन्ही पथकांना दिले पाहिजे.

अखेरची गाठ तारखांची होती. पॅलेस्टिनींना उरलेली माघार सप्टेंबर १९९७ पर्यंत हवी होती, इस्रायलला ती १९९९ पर्यंत न्यायची होती. १२ जानेवारी रोजी जॉर्डनचे राजे हुसेन स्वतः गाझाला आणि तिथून तेल अवीवला गेले आणि १९९८ चा मध्य ही तडजोड घडवून आणली. १५ जानेवारीच्या पहाटे एरेझ येथे प्रोटोकॉलवर दोन्ही पथकांनी आद्याक्षरे केली.

प्रोटोकॉलमधील तपशील पाहण्यासारखा आहे. शहराचे दोन भाग झाले. एच-१ हा सुमारे ८० टक्के भाग पॅलेस्टिनी पोलिसांकडे गेला. एच-२ या उरलेल्या भागात जुने शहर, मशीद, सर्व वसाहती आणि तीसेक हजार पॅलेस्टिनी होते. तेथील सुरक्षा इस्रायलकडे राहिली आणि पॅलेस्टिनींचे नागरी व्यवहार पॅलेस्टिनी प्रशासनाकडे. एच-१ मध्ये जास्तीत जास्त ४०० पोलीस, त्यांच्याकडे २० वाहने, २०० पिस्तुले आणि १०० रायफली. रायफली फक्त चार शीघ्र प्रतिसाद पथकांसाठी, आणि प्रत्येक पथकात फार तर १६ माणसे. अबू स्नेना, हारत अश-शेख आणि इतर उंचवट्यांवर संयुक्त गस्त. एच-२ मध्ये वाहतुकीचे आणि इतर नागरी नियम पाहण्यासाठी साध्या वेशातील, नि:शस्त्र असे जास्तीत जास्त ५० नगरपालिका निरीक्षक. ठरावीक ज्यू ठिकाणांपासून ५० मीटरच्या आत दोन मजल्यांपेक्षा, म्हणजे सहा मीटरपेक्षा, उंच इमारत बांधायची तर समन्वय कार्यालयाला विचारायचे. ५० ते १०० मीटरच्या पट्ट्यात हीच मर्यादा तीन मजल्यांची, नऊ मीटरची.

सोबत तीन कागद होते. एक ‘मान्य टिपण’, ज्यात शुहादा रस्त्याचे चार महिन्यांचे वचन आणि हसबे या घाऊक बाजाराला किरकोळ बाजार म्हणून उघडण्याची गोष्ट होती. दुसरी, रॉस यांनी तयार केलेली ‘नोंद’, जिच्यात दोन्ही बाजूंच्या जबाबदाऱ्या परस्परतेच्या तत्त्वावर लिहिल्या होत्या : इस्रायलकडून पुढील माघार, कैद्यांची सुटका, विमानतळ, बंदर आणि सुरक्षित मार्ग यांवर वाटाघाटी, पॅलेस्टिनींकडून इस्रायलचे अस्तित्व नाकारणाऱ्या राष्ट्रीय सनदेत दुरुस्तीची पूर्तता, दहशतवादाविरुद्ध कारवाई, पोलीसदलाच्या संख्येवर मर्यादा. तिसरे, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री वॉरन ख्रिस्तोफर यांचे नेतान्याहू यांना पत्र, ज्यात माघारीचे तिन्ही टप्पे पहिल्या टप्प्यापासून बारा महिन्यांत आणि कोणत्याही परिस्थितीत १९९८ च्या मध्यापर्यंत पुरे करण्याचा उल्लेख होता.

इस्रायली मंत्रिमंडळाने ११ विरुद्ध ७ मतांनी करार मंजूर केला. बेनी बेगिन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. नेसेटमध्ये, म्हणजे इस्रायली संसदेत, मात्र ८७ विरुद्ध १७ असे मोठे बहुमत मिळाले. ओस्लोच्या विरोधकांचे नेतृत्व करणाऱ्या पक्षाने प्रथमच त्या चौकटीतील माघारीवर स्वतःची सही केली, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठे राजकीय यश तेच होते. १७ जानेवारीला माघार झाली आणि १९ जानेवारीला अराफत हेब्रॉनमध्ये आले. २१ जानेवारीला आंतरराष्ट्रीय निरीक्षकांच्या पथकाचा करार झाला आणि १ फेब्रुवारीपासून नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन, स्वित्झर्लंड, इटली आणि तुर्कस्तान या सहा देशांचे निरीक्षक कामाला लागले. त्यांना पोलिसांचे वा लष्कराचे कोणतेही अधिकार नव्हते. पाहायचे, नोंदवायचे आणि आपल्या अहवालातून दोन्ही बाजूंना कळवायचे, एवढेच काम होते. ते अहवाल जनतेसाठी खुले नव्हते.

परिणाम

सुरुवातीचे आठवडे आशादायक होते. संयुक्त गस्ती निघाल्या, समन्वय केंद्र चालू झाले, लाखभर लोकांच्या वस्तीतून सैनिक गेले आणि शाळा, दुकाने, नगरपालिका यांचे व्यवहार मोकळे झाले. हे यश लहान मानू नये. ज्या आईबापांची मुले त्याआधी रोज सैनिकांच्या गाड्यांपुढून शाळेत जात होती, त्यांच्यासाठी तो फरक फार मोठा होता.

पण हेब्रॉन ज्या मोठ्या सौद्याचा भाग होते तो सौदा दोन महिन्यांत मोडला. मार्चमध्ये इस्रायली मंत्रिमंडळाने पुढील माघारीचा पहिला टप्पा ठरवला : वेस्ट बँकेची सुमारे ९ टक्के जमीन पूर्ण पॅलेस्टिनी अधिकाराखाली, आणि त्यातील ‘सी’ भागातून येणारी जमीन फक्त दोन टक्के. पॅलेस्टिनींनी तो नाकारला. टप्प्यांच्या तारखा लिहिल्या होत्या, पण कोणत्या टप्प्यात किती जमीन जाणार, हे कुठेही लिहिले नव्हते. त्याच महिन्यात जेरुसलेमच्या दक्षिणेला हार होमा, म्हणजे जबल अबू घ्नेम, येथे इस्रायलने बांधकाम सुरू केले. काही दिवसांतच तेल अवीवच्या एका कॅफेत झालेल्या आत्मघातकी स्फोटात तीन स्त्रिया मारल्या गेल्या. वाटाघाटी थांबल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये अमेरिकेत वाय नदीकाठी झालेल्या करारात पुन्हा टक्केवारी ठरली, त्याचा पहिला टप्पा पार पडला आणि डिसेंबरमध्ये अंमलबजावणी गोठवली गेली. मे १९९९ मध्ये अंतरिम काळ संपला. अंतिम करार दृष्टिपथातही नव्हता.

शुहादा रस्त्यावर अमेरिकी मदतीने दुरुस्ती झाली, फरश्या आणि दिवे बसले. वाहतूक मात्र पूर्ववत झाली नाही. दर वेळी सुरक्षेचे एखादे कारण पुढे येई आणि त्यांतली काही कारणे खरीही होती. सप्टेंबर २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनी उठाव, सुरू झाल्यावर हा रस्ता पुन्हा बंद झाला आणि त्याच्या मोठ्या भागात पॅलेस्टिनींना पायी चालण्यासही मनाई झाली. २६ मार्च २००१ रोजी अबू स्नेनाच्या दिशेकडून आलेल्या गोळीने अव्राहम अविनू वसाहतीत एका दहा महिन्यांच्या बाळाचा जीव घेतला. १९९६ मध्ये इस्रायली वाटाघाटीकारांनी ज्या उंचवट्याची भीती बोलून दाखवली होती, तोच हा उंचवटा. नोव्हेंबर २००२ मध्ये वसाहतकार किर्यात अर्बाहून प्रार्थनेला जातात त्या वाटेवर झालेल्या हल्ल्यात बारा इस्रायली सुरक्षाकर्मी मारले गेले. इस्रायली लष्कर एच-१ मध्येही शिरू लागले आणि विभागणीची रेषा नकाशावर कायम राहूनही तिचा अर्थ पातळ झाला.

जुन्या शहराची हानी मोजली गेली आहे. बेत्सेलेम ही इस्रायली मानवी हक्क संघटना आणि इस्रायलमधील नागरी हक्क संघटना यांनी २००६ च्या अखेरीस केलेल्या पाहणीत, वसाहतींच्या परिसरातील १,०१४ पॅलेस्टिनी घरे रिकामी आढळली, म्हणजे तेथील घरांपैकी सुमारे ४२ टक्के. बंद पडलेली दुकाने १,८२९ होती, सुमारे ७७ टक्के. दुसऱ्या बाजूला, १९९६ मध्ये स्थापन झालेल्या हेब्रॉन पुनर्वसन समितीने जुन्या शहरातील पडकी घरे दुरुस्त करून कुटुंबांना परत आणण्याचे काम चालू ठेवले आणि १९९८ मध्ये तिला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. करारातील कोणत्याही कलमाने न सांगितलेले हे काम करारापेक्षा अधिक टिकले.

निरीक्षकांनी बावीस वर्षे नोंदी केल्या. मार्च २००२ मध्ये त्यांच्यातील दोघे, एक तुर्की आणि एक स्विस, हेब्रॉनजवळच्या रस्त्यावर गोळीबारात मारले गेले. पथकाची मुदत दर सहा महिन्यांनी दोन्ही बाजूंच्या संमतीने वाढत असे. जानेवारी २०१९ मध्ये नेतान्याहू यांनी ती वाढवणार नसल्याचे जाहीर केले आणि पथक गेले.

निर्णयाचे क्षण, आणि काय वेगळे करता आले असते

सैनिक हटले आणि रस्ता उघडला नाही, याचे उत्तर मजकुरातच सापडते. माघारीच्या कलमात काम करणारा एक होता, कृती एकदाच करायची होती, तिची खूण डोळ्यांना दिसत होती आणि ती टाळली तर अमेरिकेसमोर आणि संसदेसमोर त्याच दिवशी उत्तर द्यावे लागणार होते. रस्त्याच्या कलमात ‘टप्प्याटप्प्याने’ हा शब्द होता. पहिला टप्पा कोणता, तो कोण जाहीर करणार, एखाद्या हल्ल्यानंतर रस्ता बंद केला तर किती दिवसांत पुन्हा उघडायचा, बंद ठेवणाऱ्याला त्याचे काय मोजावे लागेल, यांतले काहीच ठरले नव्हते. ज्याच्या हातात फाटक होते त्याला ते बंद ठेवण्याची किंमत नव्हती, आणि ज्याचे दुकान त्या फाटकापलीकडे होते त्याला तक्रार करायला जागा नव्हती. पोलिसांच्या रायफली शंभरपर्यंत मोजल्या, इमारतीची उंची मीटरमध्ये मोजली, पण महिन्याला किती दुकाने उघडली हे कोणी कधी मोजायचे ठरवलेच नाही. सुरक्षेच्या कलमांवर दोन्हीकडचे सेनानी महिनोन्‌महिने बसले होते. नागरी कलमांवर तेवढ्याच अधिकाराचा कोणी बसलेला नव्हता.

यातून पहिला बदल सुचतो. रस्ता, बाजार आणि मशिदीचा प्रवेश यांना माघारीइतक्याच बारकाईचे वेळापत्रक हवे होते, आणि त्यावर शहराच्या नगरपालिकेची सही हवी होती. मुस्तफा नत्शे यांच्या नेतृत्वाखालील नगरपालिका पाणी, वीज आणि रस्ते दोन्ही भागांत सांभाळत होती. शहर अखंड राहील, सुरक्षेची विभागणी त्याचे दोन तुकडे करणार नाही, असे प्रोटोकॉलमध्ये स्पष्ट लिहिले होते. त्या वाक्याला हात देऊ शकणारी एकमेव संस्था नगरपालिका होती, आणि तिला वाटाघाटीत जागा नव्हती.

दुसरा बदल परस्परतेचा. रॉस यांच्या नोंदीत प्रत्येक जबाबदारी दुसऱ्या बाजूच्या जबाबदारीशी जोडली होती. कागदावर हे न्याय्य दिसते. प्रत्यक्षात त्यामुळे विमानतळाचा विलंब कैद्यांना, सनदेतील दुरुस्तीचा विलंब माघारीला आणि माघारीचा विलंब सुरक्षा सहकार्याला लागत गेला. मला वाटते, ज्या गोष्टी थेट नागरिकांच्या रोजच्या जगण्याशी निगडित आहेत त्या या साखळीबाहेर ठेवायला हव्या होत्या. कोणी सनद बदलली की नाही, यावर एखाद्या भाजीवाल्याचा गाळा उघडण्याचे अवलंबून राहू नये. परस्परतेच्या समर्थकांचा आक्षेप वजनदार आहे, हेही सांगितले पाहिजे : जोडणी काढली तर प्रत्येक बाजू सोयीची कलमे पाळील आणि गैरसोयीची सोडील. म्हणूनच जोडणी तोडण्याबरोबर पंच नेमणेही आवश्यक होते. अमेरिकेने ती भूमिका १९९७ मध्ये नाकारली. पुढे वाय करारात सुरक्षाविषयक कारवाईच्या बाबतीत तिने अधिक थेट भाग घेतला, पण नागरी कलमांच्या बाबतीत नाही.

तिसरा मुद्दा तारखांचा. अराफत यांनी हेब्रॉनमधील अटी सोसून १९९८ चा मध्य मिळवला, पण त्या तारखेला किती जमीन याचा आकडा मिळवला नाही. इस्रायलने आकडा ठरवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला आणि मार्चमध्ये तो आपल्या सोयीने वापरला. आकड्यासाठी अडून राहिले असते तर जानेवारीत करारच झाला नसता, असे म्हणता येईल, आणि कदाचित ते खरेही असेल. पण मग जानेवारीतील सही आणि मार्चमधील तुटणे यांत साठ दिवसांचेच अंतर होते, हेही लक्षात घ्यावे लागते.

चौथा मुद्दा वसाहतींचा. १९९४ च्या हत्याकांडानंतरच्या दिवसांत इस्रायली जनमत हादरलेले होते आणि राबिन यांच्या मंत्रिमंडळातही वसाहतकार हलवण्याच्या बाजूने बोलणारे होते. तेल रुमेदामधील मोजकी कुटुंबे त्या वेळी हलवली असती तर १९९७ मधील एच-२ ची रेषा कितीतरी आखूड झाली असती. नंतरच्या कोणत्याही वर्षी ते तितके सोपे राहिले नाही. वाटाघाटीकारांना दोष देताना हे विसरू नये की त्यांच्यापुढे आले ते तीन वर्षे आधी हुकलेल्या निर्णयाचे ओझे होते.

शेवटचा बदल निरीक्षकांसंबंधी. सहा देशांच्या माणसांनी बावीस वर्षे एका शहराची दररोज नोंद ठेवावी, असे फार थोड्या ठिकाणी घडले आहे. ते अहवाल फक्त दोन्ही बाजूंना आणि सहभागी देशांना मिळत, त्यामुळे रस्ता का उघडला नाही याचे तटस्थ उत्तर लिहिलेले असूनही इस्रायली मतदाराला, पॅलेस्टिनी दुकानदाराला किंवा अमेरिकी संसदेला ते वाचता येत नव्हते. कोणत्याही एका बाजूच्या नकाराने मुदत संपेल, ही अटही तेवढीच घातक ठरली. अंतरिम काळ अंतिम करारापर्यंत चालणार असेल, तर निरीक्षकही तोवर राहतील असे लिहिता आले असते, आणि तिमाही अहवाल प्रसिद्ध करण्याचे बंधन १९९७ मध्येच घालता आले असते. त्या जानेवारीत दोन्ही बाजूंना निरीक्षक हवे होते, निदान नको म्हणण्याच्या स्थितीत कोणी नव्हते. ही अट मान्य करून घेण्याची वेळ तीच होती.